लोंबणारे पाऊल आणि सहा महिन्यांची मुदत

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला, की आरोग्य यंत्रणा तातडीने हलते. आशा सेविकेकडून निरोप वर जातो, ४८ तासांच्या आत वैद्यकीय अधिकारी मुलाला तपासतो, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात आणि थंड डब्यातून प्रयोगशाळेकडे रवाना होतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी ही दक्षता अजून चालू आहे आणि ती चालू राहायलाच हवी. त्याच गावात चाळिशीतल्या एखाद्या शेतमजूर बाईचे पाऊल लोंबू लागले तर मात्र यातले काहीच होत नाही. 'नस दबली असेल', 'वात आला', 'लकवा मारला' अशी निदाने घरातच होतात. तेल चोळले जाते, शेक दिला जातो, रोवणीची किंवा कापणीची मजुरी बुडू नये म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. डॉक्टर गाठलाच, तर बहुतेक वेळा कमरेचा एक्स-रे आणि ताकदीच्या गोळ्या पदरात पडतात. माझे म्हणणे एवढेच आहे की मोठ्या माणसाचे नव्याने पडलेले पाऊलही आपण मुलाच्या लुळ्या पायाइतकेच गांभीर्याने घ्यावे. देशभर घ्यावेच, पण भंडाऱ्यात त्याहून अधिक, कारण या जिल्ह्यात पाऊल पडण्याची काही कारणे इथल्या मातीशी आणि इथल्या रोगांच्या इतिहासाशी बांधलेली आहेत.

आधी पाऊल पडते म्हणजे काय होते ते पाहू. डॉक्टर याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली बोटाने चाचपले, तर हाडाचा एक छोटा गोळा लागतो. ते फिब्युला नावाच्या बारीक हाडाचे डोके. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून, एक मज्जातंतू पुढे येतो. कॉमन पेरोनियल हे त्याचे नाव. कुष्ठरोगाचे जुने जाणते कर्मचारी त्याला लॅटरल पॉप्लिटिअल म्हणतात. या ठिकाणी त्याच्यावर ना स्नायूंची जाड गादी असते ना चरबीची. कातडी, थोडा पापुद्रा आणि खाली थेट हाड. बोट आडवे फिरवले तर कित्येक सडपातळ माणसांत तो दोरीसारखा बोटाखाली सरकतो. पाऊल वर उचलणारे, बोटे वर करणारे आणि पाऊल बाहेर वळवणारे सगळे स्नायू याच्याच हुकमतीत आहेत. पायाच्या पाठीवरची आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यातली संवेदनाही तोच वाहतो. तो दुखावला, की पाय पुढे टाकताना पाऊल वर येत नाही, बोटे जमिनीला घासतात. मग माणूस नकळत गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलतो आणि पाऊल टाचेऐवजी पुढच्या भागावर थपकन आपटते. सुरुवातीला एवढेही दिसत नाही. चप्पल वारंवार पायातून निसटते, सपाट रस्त्यावर ठेच लागते, सकाळपेक्षा संध्याकाळी पाय जड वाटतो. टाचांवर चार पावले चालून दाखवा म्हटले, की एका पायाचा चवडा जमिनीला टेकतो. ही चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही.

पण लोंबणारे पाऊल हे फक्त लक्षण आहे, आणि बिघाड कुठे झाला हे शोधल्याशिवाय त्यावर उपचार करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. पावलाकडे जाणारा संदेश मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातून उतरतो, कमरेतल्या मज्जामुळांतून बाहेर पडतो, कुल्ल्यातून आणि मांडीतून सायटिक मज्जातंतूच्या रूपाने खाली येतो आणि गुडघ्यापाशी या उघड्या वळणावर पोचतो. वाटेत कुठेही अडथळा आला तरी पाऊल पडू शकते. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून पाचव्या कंबरमुळावर दाब आला, तर सहसा कमरेतून पायात कळ येते. शिवाय पाऊल आत वळवण्याची आणि मांडी बाजूला उचलण्याची ताकदही कमी होते, कारण ते स्नायू गुडघ्याजवळच्या मज्जातंतूवर अवलंबून नसले तरी त्यांना पाचव्या मुळाचा पुरवठा असतो. दोष गुडघ्यापाशी असेल तर पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत राहते. एवढा एक फरक नीट तपासला तर कित्येक रुग्णांचे कमरेच्या एमआरआयचे पैसे वाचतील. कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचलेले इंजेक्शन हे आपल्याकडचे आणखी एक कारण. ताप आलेल्या कृश मुलाला इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊल लोंबू लागले, अशा घटना भारतीय डॉक्टरांनी वारंवार नोंदवल्या आहेत. इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात द्यायचे, हा नियम त्यासाठीच आहे. दोन्ही पाय काही दिवसांत खालून वर लुळे पडत गेले तर गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा संशय घ्यावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली तेव्हा हे नाव घरोघर पोचले. तिथे तासांचा हिशेब असतो, कारण श्वासाचे स्नायूही त्यात सापडू शकतात. पाऊल पडण्याबरोबर लघवी अडली, किंवा बसण्याच्या जागेभोवती बधिरता आली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायला हवे.

आता भंडाऱ्याकडे येऊ. धान हे इथले मुख्य पीक. रोवणी कमरेतून वाकून होते, पण निंदण आणि विळ्याने कापणी करताना माणसे तासन्‌तास उकिडवी बसलेली असतात. उकिडवे बसले की गुडघा पूर्ण दुमडतो, मांडीचा आणि पोटरीचा भार फिब्युलाच्या मानेजवळच्या त्या वळणावर पडतो आणि मज्जातंतूचा रक्तपुरवठा आखडतो. उकिडवे बसून पिके काढणाऱ्या मजुरांत पाऊल पडल्याच्या नोंदी जगातल्या अनेक देशांच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. जिल्ह्यात एके काळी घरोघर चाललेला विडी वळण्याचा धंदा मांडी घालून करायचा, आणि मांडी घालून दीर्घकाळ बसण्यानेही हाच मज्जातंतू चेपतो. आजारपणाने किंवा उपासमारीने माणूस झपाट्याने वाळला, तर आधीच तुटपुंजे असलेले चरबीचे आवरण नाहीसे होते आणि धोका वाढतो. गुडघ्याखालचे घट्ट प्लास्टर, बेशुद्धावस्थेत एका कुशीवर पडून राहणे, फिब्युलाच्या मानेचे फ्रॅक्चर यांनीही तेच होते. या प्रकारात एक दिलासा आहे. दाब लवकर हटला आणि तंतू आतून तुटलेला नसेल, तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पाऊल बहुधा आपोआप उठते. हाच दिलासा पुढे अडचणीचा ठरतो. शेजारच्या कोणाचा तरी पाय तेल चोळून 'बरा झालेला' असतो, आणि तो मुळात आपोआप बरा होणारच होता हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या भागाच्या स्मृतीत पाय ओढत चालण्याचे आणखी एक कारण आहे: लाखोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धान कापणीला येण्याआधी ओलसर बांधीत लाखोळीचे बी विखरून टाकत. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही, आणि तरी हाताशी डाळ. गरिबाच्या ताटात ती असणे स्वाभाविक होते. या डाळीत ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. दुष्काळात दुसरे काही न मिळता महिनोन्‌महिने पोट मुख्यत्वे याच डाळीवर भरावे लागले, तर काही माणसांच्या पाठीच्या कण्यातल्या हालचालीच्या मार्गांना कायमची इजा होते. एकोणिसाव्या शतकात सागर भागात कर्नल स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने अशाच दुर्भिक्षात तरुण माणसांचे पाय एकाएकी गेल्याचे लिहून ठेवले आहे. ओडॅप हे द्रव्य १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. पुढे लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली, आणि तिच्याविरुद्ध नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी दीर्घ लढा दिला. रोजच्या आहारात थोडी लाखोळी खाल्ल्याने कोणी लंगडा होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला बरोबर वाटतो. कमी ओडॅपचे रतन, प्रतीक यांसारखे वाण आता आहेतही. इथे लाखोळीचा उल्लेख करायचे कारण निराळे आहे. लाखोळीने पाय जातो तो ताठरतो. गुडघे एकमेकांवर घासतात, माणूस चवड्यावर चालतो, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जोराने उडतो. मज्जातंतूच्या दोषात पाऊल सैल लोंबते, स्नायू वाळतो, कातडी बधिर होते. दुरून दोघांच्याही बोटांनी जमीन खरवडलेली दिसते, पण दोन मिनिटांच्या तपासणीत फरक कळतो. ताठ पाय आणि सैल पाय यांतला हा भेद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात करता आला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि मग कुष्ठरोग. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार इथे आहे. पूर्व विदर्भ हा महाराष्ट्रातला कुष्ठरोगाचा जुना पट्टा, आणि भंडारा त्यात मोडतो. या रोगाशी लढण्याची परंपराही विदर्भात जुनी आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारले, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले, आणि वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने घरोघर जाऊन सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार करण्याची पद्धत घालून दिली. रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेत आर्मावर हान्सेनने शोधला. त्याला थंड जागा मानवते, म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळच्या मज्जातंतूंत वस्ती करतो. कोपराजवळचा, मनगटाजवळचा आणि गुडघ्याच्या बाहेरचा तंतू त्याच्या सोयीचे. तो अतिशय सावकाश वाढतो. एका जंतूचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. तंतूचे नुकसान मात्र सावकाशच होते असे नाही. शरीराची प्रतिकारशक्ती एकाएकी जागी होते, जंतूंवर तुटून पडते, आणि ती चकमक तंतूच्या आवरणात घडत असल्याने सूज येऊन आतले धागे चेंगरले जातात. डॉक्टर याला रिअॅक्शन म्हणतात. गुडघ्याबाहेर ठणका, तंतू बोटाला जाड आणि दुखरा लागणे, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पडलेले पाऊल. रिअॅक्शन औषधे चालू असतानाही येते आणि औषधाचा कोर्स संपल्यावरही येते. 'कुष्ठरोग बरा झाला' असे सांगून घरी पाठवलेल्या माणसाला म्हणूनच पुन्हा यायला सांगणे भाग आहे. भारतात या रोगाचा असाही एक प्रकार तुलनेने अधिक आढळतो ज्यात अंगावर एकही चट्टा नसतो, फक्त मज्जातंतू धरलेला असतो. अशा माणसाचे पडलेले पाऊल हीच रोगाने दिलेली पहिली आणि एकमेव खूण. चट्टा नाही म्हणून कुष्ठरोग नाही, हा समज तिथे पाय घेऊन जातो.

आता मुदतीचा प्रश्न. कुष्ठरोगाने तंतू नुकताच सुजलेला असेल, तर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने दिल्याने ताकद परत येण्याची खरी शक्यता असते. नेपाळ आणि बांगलादेशातल्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांपेक्षा जुन्या दोषात स्टेरॉइडचा वेगळा लाभ दिसला नाही. नव्या दोषातही सगळ्यांना फायदा होतो असे नाही आणि संशोधकांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्याला फायदा व्हायचा तो पहिल्या सहा महिन्यांत होतो, याविषयी कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत मतभेद नाही. शरीराचा स्वतःचा हिशेबही असाच कडक आहे. तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे वाढतो, आणि आदेशावाचून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात तंतुमय होऊन कायमचा निकामी होतो. सहा महिने ही खेड्यात फार लहान मुदत आहे. रोवणीच्या वेळी घसरू लागलेले पाऊल कापणी आणि मळणी उरकून, घरातले लग्नकार्य आटोपून दवाखान्यात पोचते, तेव्हा ती बहुतेक संपलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा की कुष्ठरोग आता उरला कुठे? डिसेंबर २००५ मध्ये देशाने निर्मूलन गाठले हे खरे. पण त्या निर्मूलनाचा अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, तोही राष्ट्रीय सरासरीत. सरासरीत पूर्व विदर्भासारखे पट्टे दिसेनासे होतात. त्याच सुमारास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. हा निर्णय तत्त्वाने योग्य होता, पण बोटांनी तंतू चाचपून जाड की बारीक सांगणारी पिढी त्यानंतर निवृत्त होत गेली, आणि ती जागा भरून काढण्यासाठी पुरेसे काही झाले नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. पाऊल पडलेल्या प्रत्येकाला कुष्ठरोगासाठी तपासले तर गावात त्या माणसावर शिक्का बसेल, बाईचा संसार मोडेल. ही भीती खोटी नाही. २०१९ पर्यंत आपल्या व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिलेले होते. पण पोलिओचा अनुभव इथे उत्तर देतो. लुळ्या पायाच्या प्रत्येक मुलाला तपासतात म्हणून कोणी त्या मुलाला पोलिओचा रुग्ण समजत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे आणि बहुतेक नमुन्यांत पोलिओ निघत नाही. तपासणी निवडक माणसांची झाली की शिक्का बसतो. ती सरसकट झाली तर तो बसायला जागाच राहत नाही. उशीर झाला तर मात्र लंगडी चाल आणि तळव्यावरची जखम दिसतेच, आणि त्या दिसण्यानेच शिक्का अधिक पक्का बसतो.

तिसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. आशा सेविकेच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे आणि मज्जातंतूतला संदेश मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शनच्या यंत्रासाठी नागपूर गाठावे लागते, हे दोन्ही खरे. पण पहिल्या पायरीला यंत्र लागत नाही. टाचांवर चालवणे, पाऊल आत वळवून ताकद बघणे, पायाच्या पाठीवर पेनाचे टोक हलके टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला जागा दाखवायला सांगणे, फिब्युलाच्या मानेवर बोट फिरवून दोन्ही बाजूंची तुलना करणे, अंगावर बधिर चट्टा आहे का पाहणे आणि रक्तातली साखर मोजणे. मधुमेहात सहसा दोन्ही तळवे आधी बधिर होतात, तेव्हा साखर कळणे आवश्यकच. स्टेरॉइड द्यायचे ठरले तरी साखर आधी कळायला हवी. आशा सेविकेकडून यापैकी फक्त पहिली चाचणी आणि निरोप अपेक्षित आहे. बाकीचे काम वैद्यकीय अधिकाऱ्याचे. वहीत सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे पाऊल कोणत्या तारखेपासून पडले ही, कारण पुढचे सगळे निर्णय त्या तारखेवरून मोजायचे आहेत. दर महिन्याला ताकद पुन्हा मोजली आणि ती घसरत असली, तर 'बघू पुढच्या वेळी' म्हणायला वाव उरत नाही. मध्यंतरी घरच्यांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी: बधिर पायाला गरम विटेचा किंवा गरम पाण्याचा शेक देऊ नये. चटका बसलेला कळत नाही, आणि भाजल्याची ती जखम पुढे महिनोन्‌महिने चिघळते.

मुदत चुकलेल्यांचे काय? त्यांना वाऱ्यावर सोडायची गरज नाही. टाच आणि पोटरीला धरून पाऊल वर राखणारी पट्टी किंवा स्प्लिंट असते, आणि बधिर तळव्यांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळते. रस्त्यावर आणि अंगणात यांचा उपयोग होतो. पण धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात स्प्लिंट आणि चप्पल दोन्ही निरुपयोगी, आणि शेतमजुराचे पोट त्याच चिखलावर आहे. त्यामुळे इथल्या रुग्णासाठी शस्त्रक्रियेचा विचार शहरातल्या रुग्णापेक्षा लवकर आणि गांभीर्याने व्हायला हवा. गुडघ्याबाहेरचा तंतू गेला तरी मागचा टिबियल तंतू बहुधा शाबूत असतो, म्हणून पाऊल आत ओढणारा टिबियालिस पोस्टिरियर हा स्नायू जिवंत असतो. शल्यविशारद त्याचा कंडरा सोडवून पायाच्या पाठीवर पुढे बसवतात; आत ओढणारा स्नायू आता पाऊल वर उचलतो. कुष्ठरुग्णांच्या अशा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांचा पाया वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांच्या काळात घातला गेला. आता सरकारी कार्यक्रमात त्या मोफत होतात आणि बुडालेल्या मजुरीपोटी रुग्णाला रक्कम देण्याचीही तरतूद आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे प्लास्टर, मग स्नायूला नवे काम शिकवण्याचा फिजिओथेरपीचा काळ. या सगळ्याला दोन-तीन महिने जातात. अशा शस्त्रक्रियांच्या शिबिराची तारीख पावसाळ्याच्या तोंडावर ठेवली, तर मजूर येणार नाही, आणि न येण्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. धान घरात आल्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर इथल्या रुग्णांची यादी करून शस्त्रक्रिया उरकल्या, तर पऱ्हे टाकायच्या आधी माणूस स्वतःच्या पायावर धुऱ्यावरून चालू शकतो. या यादीसाठी नवा कायदा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. उपकेंद्राच्या वहीत तारखेसह लिहिलेली नावे लागतात.